आधी नटबोल्ट, मग बाहुली : चाकण-पिंपरी पट्ट्यातील विषारी धातूंचा इतिहास

(१) चाकण म्हटले की इतिहासाच्या वाचकाला १६६० सालचा वेढा, शाहिस्तेखान आणि फिरंगोजी नरसाळा आठवतात. त्याच चाकणच्या अलीकडच्या इतिहासात दोन तारखा आहेत, ज्या शेजारी ठेवून क्वचितच वाचल्या जातात. युरोपात विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या चासीवरील नटबोल्टांतून विषारी क्रोमियम हद्दपार करण्याची मुदत होती १ जुलै २००८. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळण्याला शिसे-कॅडमियमची मर्यादा सक्तीची झाली १ जानेवारी २०२१ रोजी. या दोन तारखांमध्ये साडेबारा वर्षांचे अंतर आहे. ते का पडले, याचा हा धागा.

(२) प्रथम या धातूंची ओळख. शिसे, कॅडमियम, पारा आणि षट्संयुजी क्रोमियम हे येथील मुख्य चार. यांत शिसे सर्वांत जुने आणि सर्वांत लबाड. शरीराला ते कॅल्शियमसारखे भासते, म्हणून वाढत्या मुलाचे हाड आणि मेंदू त्याला आत घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मूल प्रौढाच्या चार ते पाच पट शिसे शोषून घेते. हाडांत गेलेले शिसे तेथे दशकानुदशके राहते. त्यातच मुलाचा हात सतत तोंडात. त्यामुळे खेळण्यावरील रंगाचा पापुद्रा ही त्याच्यासाठी खाण्याचीच वस्तू ठरते.

(३) हे विष कारखान्यांबरोबर आले, असे मानण्याचे कारण नाही. आपल्या जुन्या रंगपेटीतच ते होते. शेंदूर म्हणजे शिशाचे लाल ऑक्साइड. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड. हरताळ म्हणजे आर्सेनिकचे सल्फाइड. पांढरा सफेदा शिशापासूनही होत असे. चित्रकाराच्या शिंपल्यांतले लाल, केशरी, पिवळे आणि पांढरे असे चारही तेजस्वी रंग बहुधा या खनिजांतूनच आले होते. अंगभर शेंदूर ल्यालेल्या गणपतीचा आणि मारुतीचा तांबूस-केशरी वर्ण हा या मुलखाच्या नजरेत मुरलेला रंग आहे.

(४) या पदार्थांचे विषारीपण जुन्या जाणकारांना ठाऊक होते. रसशास्त्रात शिशाला ‘नाग’ म्हणतात, आणि शोधन केल्याखेरीज नाग वापरू नये असा दंडक आहे. वैद्याच्या खलबत्त्याला असलेला हा दंडक चिताऱ्याच्या कुंचल्याला मात्र नव्हता. औषध पोटात जाते, खेळणे पोटात जात नाही, असे गृहीत होते. मूल खेळणे चाटते एवढी साधी गोष्ट त्यात सुटली होती.

(५) ती प्रथम नेमकी पकडली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या डॉक्टरांनी. १८९० च्या दशकात तेथे मुलांच्या शिसेबाधेचे रुग्ण दिसू लागले. १९०४ मध्ये नेत्रवैद्य लॉकहार्ट गिब्सन यांनी कारण दाखवून दिले. घरांच्या व्हरांड्याच्या कठड्यांना शिशाचा रंग होता, उन्हाने त्याची भुकटी होई आणि ती मुलांच्या बोटांवाटे पोटात जाई. पुढे १९२२ मध्ये क्वीन्सलँडने मुलांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी शिशाचा रंग वापरण्यास कायद्याने मनाई केली. म्हणजे आज ज्या ज्ञानाला आपण नवे समजतो, ते शंभर वर्षांहून जुने आहे.

(६) याच सुमारास जगाच्या कायद्यातही शिसे आणि मूल एकत्र आले, पण निराळ्या नात्याने. १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वॉशिंग्टन येथील पहिल्याच परिषदेत शिसेबाधेपासून स्त्रिया व मुलांच्या संरक्षणाची शिफारस झाली. शिशाच्या ठरावीक कामांवर त्यांना लावू नये, असा तिचा आशय होता. येथे मूल होते ते कामगार म्हणून. कारखान्याच्या दारातून आत येणारे मूल कायद्याला दिसले, पण कारखान्यातून बाहेर पडलेली वस्तू हाती धरणारे मूल अजून दिसायचे होते.

(७) स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातही हीच दृष्टी होती. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांची यादी दिली होती, आणि शिसेबाधा त्या यादीत होती. कामगाराला ती झाली तर डॉक्टरने कारखाने-निरीक्षकांना कळवणे आवश्यक होते. तरतूद चांगलीच होती. मात्र तिचे कार्यक्षेत्र कारखान्याच्या कुंपणाशी संपत होते.

(८) आता पिंपरी-चिंचवडकडे वळू. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली ‘एमआयडीसी’, अस्तित्वात आली. त्या दशकात आकुर्डीत स्कूटर बनू लागल्या, आणि पुढे पिंपरीत मालमोटारीही. मोठ्या कारखान्यांभोवती भोसरी, चिंचवड, चिखलीत हजारो लहान वर्कशॉप उभी राहिली. कोठे ओतकाम, कोठे मुलामा, कोठे रंगकाम. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली.

(९) वाहनउद्योग आला की हे धातूही आलेच. एका मोटारीच्या बॅटरीत साधारण आठ-दहा किलो शिसे असते. जस्ताचा मुलामा दिलेला नटबोल्ट गंजू नये म्हणून त्यावर क्रोमियमचा थर देत, आणि त्याची पिवळसर, इंद्रधनुषी झाक या पट्ट्यातल्या कोणत्याही जुन्या फिटरला डोळे मिटूनही आठवेल. पिवळ्या-केशरी औद्योगिक रंगांत लेड क्रोमेट असे. यांतील प्रत्येक गोष्टीला तांत्रिक कारण होते: स्वस्त, टिकाऊ, चमकदार.

(१०) कारखान्याचे कुंपण धुळीला अडवत नाही, हेही याच काळात सिद्ध झाले. अमेरिकेतील मेम्फिस शहरात १९७० च्या दशकात शिसे वितळवणाऱ्या कारखान्यातील कामगारांची मुले तपासली गेली. मुले कारखान्यात कधीच गेली नव्हती, तरी त्यांच्या रक्तात शिसे वाढलेले होते. ते बापाच्या कपड्यांवरून आणि बुटांवरून घरी आले होते. हे संशोधन १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. पाळीवरून आल्यावर आधी कपडे बदलून, हातपाय धुऊन मगच पोराला उचलायचे, या घरगुती शिस्तीमागे केवढे शास्त्र आहे ते यावरून कळते.

(११) दरम्यान ‘धोका’ या शब्दाचा अर्थच बदलत होता. अमेरिकेत मुलांच्या रक्तातील शिशाची चिंताजनक पातळी १९६० च्या दशकात प्रतिडेसिलिटर ६० मायक्रोग्रॅम मानली जाई. १९७१ मध्ये ती ४०, १९७५ मध्ये ३०, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५ झाली. शिसे तेच होते, मोजमाप सूक्ष्म होत गेले. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची कोणतीही पातळी निर्धोक म्हणता येत नाही.

(१२) भारतातील मुलांचे रक्त मोठ्या प्रमाणावर मोजले गेले ते १९९० च्या दशकाअखेर. बंगळुरूच्या जॉर्ज फाउंडेशनने मुंबईसह प्रमुख शहरांत केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुले १० मायक्रोग्रॅमच्या वर आढळली. पुढे २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबली. त्यानंतर मुंबईत बारा वर्षांखालील ७५४ मुले तपासली गेली आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रमाण खाली आले होते, तरी ३३.२ टक्के मुले १० मायक्रोग्रॅमवर किंवा त्याहून वर होतीच.

(१३) पेट्रोल गेले, तरी तिसरा हिस्सा मुले बाधित. म्हणजे शिसे आणखी कोठून तरी येत होते. घराचा रंग, भांडी, मसाले, बॅटऱ्यांचे भंगार या सर्वांवर तेव्हापासून बोट ठेवले गेले आहे, आणि खेळण्यांवरही. दिल्ली, मुंबई आणि चेन्नईच्या बाजारांतील मऊ प्लास्टिकची खेळणी ‘टॉक्सिक्स लिंक’च्या अभ्यासकांनी तपासली. तो शोधनिबंध २००७ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. तपासलेल्या सर्व नमुन्यांत कमीअधिक प्रमाणात शिसे व कॅडमियम सापडले.

(१४) प्लास्टिकच्या बाहुलीत धातू कशाला? पीव्हीसी तापवताना विघटित होऊ नये म्हणून शिशाचे क्षार मिसळले जात. झगझगीत पिवळा, नारिंगी आणि लाल रंग यावा म्हणून कॅडमियमची रंगद्रव्ये वापरली जात. म्हणजे विष चुकून पडलेले नव्हते, कामासाठीच घातलेले होते. पर्यायी द्रव्ये उपलब्ध होती, पण महाग होती. जत्रेतल्या दहा रुपयांच्या खेळण्याला तो खर्च पेलणारा नव्हता आणि करायला लावणारा कायदाही नव्हता. भारतीय मानक होते, पण पाळणे ऐच्छिक होते.

(१५) युरोपात हा क्रम कसा होता ते पाहण्याजोगे आहे. युरोपीय समुदायाने खेळण्यांच्या सुरक्षेचा निर्देश काढला १९८८ मध्ये. खेळण्यातून दिवसाकाठी मुलाच्या शरीराला किती शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक उपलब्ध व्हावे, याच्या मर्यादा त्यात होत्या. जुन्या वाहनांच्या विल्हेवाटीचा निर्देश आला २००० मध्ये, आणि १ जुलै २००३ नंतर बाजारात येणाऱ्या वाहनांत शिसे, पारा, कॅडमियम व षट्संयुजी क्रोमियम यांवर बंदी आली. तेथे आधी खेळणे आणि मग मोटार.

(१६) आपल्या पट्ट्यात यांपैकी मोटारीचाच निर्देश आधी पोचला, कारण तो मालाबरोबर आला. चाकणला १९९९ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि पिंपरीहून हललेली मर्सिडीज-बेंझ, २०१० मध्ये महिंद्र. सुटे भाग जागतिक बाजाराला जोडले गेले. युरोपकडे जाणाऱ्या भागात प्रत्येक एकजिनसी पदार्थामागे शिसे, पारा आणि षट्संयुजी क्रोमियम ०.१ टक्के, तर कॅडमियम ०.०१ टक्के, एवढीच मुभा होती.

(१७) गंजरोधक थरातील षट्संयुजी क्रोमियमला २००७ पर्यंत, आणि चासीवरील नटबोल्टांना १ जुलै २००८ पर्यंत सूट होती. ती संपताना मुलामा देणाऱ्या वर्कशॉपना टाक्या बदलाव्या लागल्या. त्रिसंयुजी क्रोमियमची निळसर-पांढरी झाक आली. पुरवठादार ‘आयएमडीएस’ नावाच्या जागतिक नोंदवहीत प्रत्येक भागाची धातुनिहाय माहिती भरू लागले. एका वॉशरमध्ये काय काय आहे, याची ग्रॅमपर्यंतची नोंद उपलब्ध झाली. त्याच गावच्या यात्रेत विकल्या जाणाऱ्या खुळखुळ्याची अशी नोंद कोठेही नव्हती.

(१८) या तुलनेत न्याय्य असावे म्हणून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. वाहनांच्या निर्देशातही बॅटरीतील शिशाला सूट मिळाली, कारण त्याला व्यवहार्य पर्याय नव्हता. तेव्हा मोटार काही शिसेमुक्त झाली नाही. तिच्यातील शिसे एका पेटीत गोळा झाले, आणि पेटी निकामी झाल्यावर ती कोठे जाते हा प्रश्न उरला. भारताने २००१ मध्ये बॅटऱ्यांसाठी नियम केले. विक्रेत्याने जुनी बॅटरी परत घ्यावी आणि ती नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जावी, हा त्यांचा गाभा होता.

(१९) जुन्या बॅटरीचे शिसे कोठे पोचू शकते, याचे उत्तर दागिन्यांनी दिले. फेब्रुवारी २००६ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिस येथे चार वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. बुटांबरोबर भेट मिळणाऱ्या साखळीतला बदामाच्या आकाराचा लोलक त्याने गिळला होता. तो जवळजवळ शुद्ध शिशाचा, ९९ टक्के, निघाला. मुलाच्या रक्तात १८० मायक्रोग्रॅम शिसे होते. सुमारे ३ लाख साखळ्या परत मागवण्यात आल्या. त्या चीनमध्ये बनल्या होत्या.

(२०) पुढच्याच वर्षी ओहायोतील रसायनज्ञ जेफ्री वाइडनहॅमर आणि त्यांचे सहकारी यांनी अशा स्वस्त दागिन्यांचे पृथक्करण प्रसिद्ध केले. काही दागिन्यांतील शिसे व अँटिमनीचे प्रमाण बॅटरीच्या शिशाशी जुळत होते. काहींतील शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा मेळ इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातील डाखाकडे बोट दाखवत होता. मोटारीचे भंगार मुलीच्या मनगटावर येऊन बसले होते. शिसे ३२७ अंशांना वितळते, साच्यात बारीक नक्षी घेते आणि जड असल्याने ‘अस्सल’ वाटते. स्वस्त दागिना बनवणाऱ्याला याहून सोयीचा धातू नाही.

(२१) शिशावर बंधने येताच काही उत्पादकांनी कॅडमियम उचलले. जानेवारी २०१० मध्ये असोसिएटेड प्रेसने तपासणी करून घेतलेल्या मुलांच्या काही लोलकांत वजनाच्या ९१ टक्क्यांपर्यंत कॅडमियम निघाले. एका विषाच्या जागी दुसरे. नियमात एकाच धातूचे नाव असले की दुसरा मागच्या दाराने येतो, हा या इतिहासातला वारंवार भेटणारा प्रसंग आहे.

(२२) कॅडमियम मराठी घरांनाही अपरिचित नाही, फक्त नाव वेगळे. सराफी पेढीवरची ‘केडीएम’ ही पाटी आठवावी. ते नाव कॅडमियमवरून रूढ झाले. सोन्याच्या डाखात कॅडमियम मिसळले की डाख कमी तापमानाला वितळतो आणि दागिन्याचा कस फारसा घटत नाही. ग्राहकाला ती शुद्धतेची खूण वाटे. पण त्या डाखाचा धूर कारागिराच्या फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत जाई. हॉलमार्कची व्यवस्था २००० साली आली, डाखात जस्तासारखे पर्याय आले आणि केडीएम मागे पडले. येथेही किंमत मोजणारा होता तो फुंकणी हाती धरणारा माणूस.

(२३) भारतात खेळण्यांचा कायदा टप्प्याटप्प्याने आला, आणि आधी सीमेवर आला. जानेवारी २००९ मध्ये चिनी खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांची बंदी घातली गेली. मार्चमध्ये ती सैल करून सुरक्षा-प्रमाणपत्राची अट आली. सप्टेंबर २०१७ मध्ये आयात खेळण्यांना भारतीय मानकांनुसार चाचणी आवश्यक झाली. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेच्या तपासणीत आयात खेळण्यांचे ६६.९० टक्के नमुने अनुत्तीर्ण ठरले. देशात बनणाऱ्या खेळण्याला मात्र अजून सक्ती नव्हती.

(२४) मध्यंतरी, मे २०१४ पासून, ई-कचरा नियमांनुसार दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल यांतील शिसे, कॅडमियम, पारा यांनाही देशांतर्गत मर्यादा लागू झाली होती. म्हणजे मोटारीनंतर फोन. खेळणे रांगेत त्याच्याही मागे. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून देशी-परदेशी प्रत्येक खेळण्याला आयएसआय चिन्ह आवश्यक झाले.

(२५) चाचणीची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. खेळण्यावरचा रंग खरवडतात आणि पोटातील आम्लाच्या धर्तीवरच्या विरल हायड्रोक्लोरिक आम्लात ३७ अंशांना, म्हणजे देहाच्या तापमानाला, दोन तास ठेवतात. आम्लात किती धातू उतरला ते मोजतात. किलोमागे शिसे ९० मिलिग्रॅम, कॅडमियम ७५, पारा ६०, आर्सेनिक २५. एकूण आठ मूलद्रव्ये. मूल खेळणे खाणार हे गृहीत धरून केलेली ही परीक्षा आहे. वैद्याचा जुना दंडक इतक्या काळाने खेळण्यापर्यंत आला.

(२६) तरी काही फटी उरल्या. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाला ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, पण औद्योगिक रंग त्या नियमाच्या कक्षेत येत नाहीत. उरलेल्या औद्योगिक रंगाचा डबा घरी आणून पाळणा वा लाकडी घोडा रंगवला, तर नियम तेथे पोचत नाही. नोंदणीकृत हस्तकारागिरांना खेळण्यांच्या आदेशातून सूट आहे. सावंतवाडीच्या चिताऱ्यांसारख्या कलावंतांवर प्रयोगशाळेच्या खर्चाचा बोजा पडू नये हे योग्यच. मात्र सूट कागदाची आहे, रंगाची नाही. सुरक्षित रंग त्याच्या दारात पोचवणे हे काम शिल्लक राहते.

(२७) आणि दागिना. आदेशातील खेळण्याची व्याख्या चौदा वर्षांखालील मुलांनी ‘खेळण्यासाठी’ योजलेली वस्तू अशी आहे. कानातले खेळण्यासाठी नसते, घालण्यासाठी असते. त्यामुळे बाहुलीच्या गळ्यातल्या माळेला मर्यादा आहे, पण बाहुली खेळणाऱ्या मुलीच्या गळ्यातली माळ या आदेशात येत नाही. युरोपने दागिन्यांतील शिशाला ०.०५ टक्क्यांची मर्यादा ऑक्टोबर २०१३ मध्ये घातली.

(२८) या तारखांतून दिसते ते एवढेच. ज्ञान १९०४ पासून होते. पर्यायी रंग आणि मुलामे होते. ते करणारे कुशल हात तर याच पट्ट्यात होते, आणि खरेदीदाराने मागितले तेव्हा टाक्या बदलून त्यांनी ते करून दाखवले. नटबोल्टाच्या मागे माल परत पाठवू शकणारा ग्राहक उभा होता. खुळखुळ्याच्या मागे एक आई आणि हातगाडीवाला, दोघांनाही आत काय आहे ते सांगणारे कोणी नव्हते.

(२९) आता खेळण्यावर आयएसआय चिन्हाजवळ परवाना क्रमांक असतो आणि तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो. रंग उडालेले जुने खेळणे चाटण्याच्या वयाच्या बाळाला देऊ नये. लोलक-पदकांच्या स्वस्त माळा त्याच्या तोंडापासून दूर ठेवाव्यात. कारखान्यातले कपडे वेगळे धुवावेत. मात्र पडताळणी आईने घरात करण्याआधी ती बाजारात व्हायला हवी. चाकणच्या नटबोल्टांच्या बाबतीत ती तशीच झाली होती.